सरकारी दराचा गारवा

नव्वदच्या दशकात दुबईजवळच्या अजमानला माझ्या शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडचा एक गवंडी राहायचा. त्याचं नाव कधी विचारलंच नाही. साइटवरून आला की तो एसी न लावता लुंगी भिजवून अंगावर घ्यायचा, कारण आमचा घरमालक विजेचे सरकारी दराच्या दुप्पट पैसे उकळायचा.

एकदा माझं टाळकंच सटकलं. "अरे, सरकारने दर बांधून दिलाय ना!"

लुंगी पिळत तो म्हणाला, "भाई, दर मीटरवाल्याला बांधलाय. मीटर मालकाच्या नावावर. आपण कोण?"

उन्हाळ्यात नळाला चटका बसेल असं पाणी यायचं. म्हणून वरच्या मजल्यावरच्या मालकाच्या एसीतून ठिबकणारं गार पाणी तो बादलीत धरायचा. सरकारी दराचा गारवा आमच्या वाट्याला आला तो एवढाच.