माळावरची खरपुडी

माकणीच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ होता. हरणाबाईची शेरडं तिथंच चरायची. पावसाळ्यात गवतातून खरपुडी फुलायची. पांढरट नळी, वर जांभळट पाकळ्या टोकाला एकमेकींत गुंतलेल्या, इवल्या कंदिलागत. खालचा कंद सोलून कच्चाच खायचा. गुराखी, बायाबापड्या, सगळेच उकरायचे. पण माळ मोठा होता, खाऊन उरायचं.

निजामी गेली, पुढं मुलूख मुंबई राज्यात आला. सालागणिक माळ आकसत गेला. खालचं गायरान नांगराखाली आलं आणि साऱ्या गावची शेरडं उरलेल्या पट्ट्यात दाटली. कळी धरायच्या आत खरपुडीचा वेल ओरबाडला जाई.

त्या साली श्रावणात लेक गजरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला खरपुडीचे डोहाळे लागले. हरणाबाईनं सारा माळ धुंडाळला. शेवटी बोरीच्या जाळीत, शेरडांचं तोंड पोचत नव्हतं तिथं, एकच वेल फुललेला दिसला. तिनं खुरपं लावलं आणि हात आखडला. शेंगा धरतील, बी पडेल, पुढं नातवंडाला कडेवर घेऊन फूल दाखवता येईल, असं तिच्या मनानं घेतलं. घरी येऊन तिनं सांगितलं, कुठंच न्हाय गं.

गजरा हसली. "असू दे आई. लहानपणी लई खाल्लीय म्या."

दिवाळीच्या तोंडावर गजरा अडली. सुईणीनं हात टेकले. गाडी जुंपून दवाखान्याला नेताना वाटेतच मायलेकरू दोन्ही गेली.

सुतक फिटल्यावर हरणाबाई माळावर गेली. बोरीची जाळी जागेवर नव्हती. नव्या सडकेला मुरूम लागत होता. तो उतार कमरेइतका खणला होता. खणणारी माणसं गावचीच, त्यात तिचा धाकटा दीर रामलिंगही होता. ती खाली बसलेली बघून तो कुदळ टाकून आला. तिनं त्याला वेलाचं सांगितलं, लेकीशी खोटं बोलल्याचंही सांगितलं.

"वैनी, ठावं असतं तर तेवढी जाळी सोडली असती," रामलिंग म्हणाला.

"तुमाला काय बोल लावू, भावजी? माज्या लेकीनं तोंडानं मागितली. म्या दिली न्हाय."

पुढं दर पावसाळ्यात ती खाणीच्या कडेकडेनं फिरायची. कुणी विचारलं तर शेरडू चुकलंय म्हणायची. खरपुडी काही सापडली नाही. सडक झाली, एसटी धावू लागली. मुरमाच्या खड्ड्यात पाणी साठायचं. हरणाबाईची शेरडं तिथंच पाणी प्यायची.