सुब्राय जुने

उडुपीतल्या त्या यक्षगान संग्रहात जनार्दन हेब्बार एकवीस वर्षं संगणक सांभाळत होते. माणूस कामाचा, पण फटकळ. कुणी फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडली की त्यांचं टाळकं सरकायचं.

"अहो मारायरे, जागा दिसली की यंत्र त्याची दोन नावं करतं! प्रोग्राममध्ये नाव अवतरणचिन्हांत बांधलं, तरच ते एक. कितीदा सांगू?"

ललितक्का पूजारी गावोगाव फिरून म्हाताऱ्या भागवतांचं, म्हणजे यक्षगानातल्या गायकांचं, गाणं ध्वनिमुद्रित करायच्या. त्या हसायच्या. "नाव ठेवणं आमचं काम, हेब्बारे. बांधणं तुमचं."

सुब्राय भागवतांचे ललितक्कांनी दोन फोल्डर केले होते. ‘सुब्राय’मध्ये चांगलं गाणं, ‘सुब्राय जुने’मध्ये पंख्याच्या घरघरीनं बिघडलेलं. बिघडलेलं पुसायला हेब्बारांनी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला, ‘चाचणी’ नावाच्या फोल्डरवर चालवून पाहिला आणि खऱ्यावर सोडला. ‘चाचणी’ या नावात जागा कुठे होती? नावाभोवती चिन्हं घालायची राहून गेली होती, ते कळायचं कसं! यंत्रानं ‘सुब्राय जुने’चे दोन तुकडे केले. ‘सुब्राय’ होतं, ते पुसलं. ‘जुने’ नुसतं कुठे नव्हतं, म्हणून तिथं यंत्र गप्प बसलं. घरघर तेवढी शाबूत राहिली. राखीव डिस्कवरही हेब्बारांनी तोच प्रोग्राम फिरवला होता.

संग्रहाच्या अध्यक्षांनी सगळ्यांना वर बोलावलं. "झालं कशानं?"

"नावात जागा होती," हेब्बार म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात. सगळ्यांच्या माना ललितक्कांकडे वळल्या. तेवढ्यावर थांबावं की नाही? "मी सांगत होतोच," असंही ते बोलून गेले.

जेवणाच्या सुट्टीत ललितक्का वर रडत होत्या. खाली हेब्बारांनी प्रोग्राम उघडला, नावाच्या अलीकडे एक, पलीकडे एक, अशी चिन्हं घातली. बदलाच्या नोंदीत काहीतरी लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती’. मग डबा उघडला, आणि घास फिरत राहिला तोंडात.

आठवड्यानं ललितक्का माफी मागायला आगुंब्याच्या वाटेवरच्या त्या गावी निघाल्या. अध्यक्षांनी हेब्बारांना सोबत धाडलं. सुब्राय भागवत ओसरीवर टेकून बसले होते. अर्धांगानं जीभ जड झालेली. पुन्हा गाणं आता होणार नव्हतं. ललितक्का पाया पडल्या.

"माझ्या हातनं गेलं, अज्जा. नाव ठेवताना मी मधे जागा सोडली."

म्हाताऱ्यानं कसंबसं "जाऊ दे गो" म्हटलं. सून मात्र कढत कषायाचे पेले आपटत म्हणाली, "एवढ्या शिकलेल्या बाई, नि साधं नाव ठेवता येऊ नये?"

ललितक्कांनी मान खाली घातली. हेब्बारांना तो पेला उचलवेना.

"त्यांची चूक नाही," ते म्हणाले. "माझी. मी नाव बांधलं नाही."

ललितक्कांनी वर पाहिलं. "हे तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच दिवशी. जेवणाच्या सुट्टीत."

"म्हणजे मी वर होते, तेव्हा."

"हो."

म्हाताऱ्याचा चालता हात मांडीवर ताल धरत होता की नुसता थरथरत होता, कोण जाणे.

परतीच्या बसमध्ये ललितक्का पुढे जाऊन बसल्या. हेब्बार त्यांच्या बाकाशी उभे राहिले.

"अक्का..."

"अक्का बिक्का काही नको. अध्यक्षांना मी काही सांगायची नाही. तुम्ही सांगता का, तेवढं बघणार आहे."

हेब्बारांनी उभ्या उभ्याच फोन लावला. झाडीत आवाज तुटत होता.

"काय म्हणता? ऐकू येईना, हेब्बारे!"

"चूक ललितक्कांची नव्हती! माझी होती!"

"कुणाची?"

"माझी! जनार्दनाची! कळूनसुद्धा गप्प बसलो मी!"

कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायांनी माना वळवल्या. हेब्बारांचे कान तापून लाल झाले. पलीकडून अध्यक्ष ओरडले, "काहीच कळलं नाही, परत सांगा!"

ललितक्का खिडकीबाहेर बघत होत्या. हेब्बारांनी दांडा घट्ट धरला आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, परत सांगायला सुरुवात केली.