एकोणीस नंबरचा पाना

सोलापूरकडून नळदुर्गात शिरताना रस्त्याला लागूनच पत्र्याचं एक शेड आहे. तिथं पंचाक्षरी गाड्यांचं ऑईल बदलतो. बाकीची कामंही करतो, पण नाव झालं ते ऑईलचंच. लोक तोंडावर त्याला आण्णा म्हणतात आणि पाठीमागं थेंबआण्णा. गाडीखालचा बोल्ट काढून जुनं ऑईल सोडलं, की हा बाबा खाली डबा ठेवतो आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत हलत नाही. धार संपते, थेंब सुरू होतात, थेंबही कंटाळतात. गिऱ्हाईक चहा पिऊन येतं, तरी आण्णा म्हणतो, "थांबा हो, अजून हाय त्यात." कोणी फारच घाई केली तर विचारतो, "ताकाच्या भांड्यात दूध वतता व्हय तुमी?" यावर माणूस काय बोलणार?

खरं सांगायचं तर ऑईल बदलायला अक्कल फार लागत नाही, लाज लागते. गाडीखाली काय केलं ते मालकाला दिसतंय कुठं? जुन्याच फिल्टरवर फडकं मारून नव्याचे पैसे घेणारे महाभाग या हायवेवर पैशाला पासरी आहेत. पंचाक्षरी मात्र नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑईल लावणार, बोल्टाचं वायसर नवं घालणार, पान्यानं आवळणार, मग गाडी सुरू करून पुन्हा खाली वाकून टॉर्च मारणार. महादेवी, त्याची बायको, म्हणायची, "मला बघाया आलावता, तवा एवढं न्याहाळलं न्हाय तुमी."

पण पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही उगीच नाही.

खंडेनवमीचा दिवस होता. त्या दिवशी ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्यानं ते धुऊन पुसून पाटावर मांडायचं आणि पुजायचं. गॅरेजवाल्याचे पाने, पकडी, हातोड्या सगळे देव होऊन बसतात. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. लावला तर हाताचं यश जातं, असं पंचाक्षरीचे वडील गुरुसिद्धप्पा सांगून गेले होते, आणि वडिलांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

महादेवीनं पूजेची तयारी मांडली होती, तेवढ्यात जळकोटचा शिवराज जीप घेऊन आला. वडाप करायचा, म्हणजे जीपमधून गावोगावची माणसं भाड्यानं ने-आण करायचा पोरगा. त्या एका जीपवर त्याचं घर चालायचं. शेजारच्या सीटवर त्याची आई कमलबाई डोळ्याला काळा चष्मा लावून बसली होती.

"आण्णा, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय सोलापुरात. दुपारचा टाइम दिलाय. ऑईल पार डांबर झालंय. वाटंत दगा नको म्हणून आलो."

"आज खंडेनवमी हाय रं."

"दुसऱ्याच्या हाती मी जीप देत न्हाय, तुमाला ठाव हाय."

या वाक्यानं पंचाक्षरी विरघळला. पूजेच्या आत होतंय म्हणाला आणि जीपखाली शिरला. शिवराजनं आपला फोन शेडातल्या बोर्डाला चार्जिंगला लावला. ऑईल सुटलं, धार संपली, आणि पंचाक्षरी नेहमीसारखा डब्याकडं डोळे लावून बसला. इकडं महादेवी बादलीत डिझेल घेऊन एकेक हत्यार गोळा करत होती. चाकाशी पडलेला एकोणीस नंबरचा पाना तिनं उचलला, घासला, पुसला आणि पाटावर नेऊन मांडला. हे त्याला दिसलं नाही. त्यानं बोल्ट बोटांनी फिरवत जाईल तिथवर बसवला आणि पान्यासाठी हात लांबवला. हाताला माती लागली.

"अवो, कापूर लावलाय, या की!" महादेवीनं हाक मारली.

तोवर ऑईल ओतून ठेवू, पाना हुडकून मग आवळू, असं मनाशी म्हणून त्यानं फिल्टर हातानं घट्ट बसवला, ऑईल ओतलं आणि हात पुसत उठला. आरती झाली. नारळ फुटला. आता दारात आलेली जीप तशी कशी सोडायची? महादेवीनं तिलाही कुंकू लावलं आणि समोरच्या काचेच्या आत, मीटरवरून, झेंडूचा जाडजूड हार सोडला. कमलबाईनं बसल्या जागी हात जोडले. शिवराजनं जीप सुरू केली, "येतो आण्णा" म्हणाला. पंचाक्षरीनं खोबऱ्याचा तुकडा धरलेला हात हलवला.

खोबरं चावता चावता त्याची नजर पाटावर गेली. सगळी हत्यारं ओळीनं बसली होती. एकोणीस नंबर लखलखत होता. त्याला ऑईलचा डागसुद्धा नव्हता.

"ह्यो कवा धुतलास?"

"तुमी डबा घेऊन बसलावता, तवाच."

 बोल्ट आवळलाच नव्हता. त्यानं घाईघाईनं शिवराजला फोन लावला, आणि शेडातल्या बोर्डावर शिवराजचा फोन वाजायला लागला.

त्यानं पाटावरच्या पान्याला हात घातला, तशी महादेवी आडवी आली. "अवो, पुजलाय त्यो! शेजारून आणा एखादा."

"शेजारून कुठला? समद्यांचेच पाटावर हायत आज!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यालाही वडिलांचा चेहरा आठवला. पण त्यानं पाना उचलला. बोटांना ओलं कुंकू लागलं. शिवराजचा फोन खिशात घालून, ऑईलचा कॅन पोटाशी बांधून त्यानं मोटारसायकलला किक मारली.

अणदूरपर्यंत रस्ता कोरडा होता. देवा, धरून राहू दे, आटे घट्ट असू दे, असं तो मोठ्यानं म्हणत होता. अणदूर मागं पडलं आणि डांबरावर पहिला थेंब दिसला. पुढं आणखी एक. आयुष्यभर थेंब बघत बसलेला माणूस तो, त्याला ते लगेच ओळखू आले. थेंब जवळजवळ पडू लागले, मग त्यांची रेघ झाली. तो रडत होता. ट्रकवाले हॉर्न मारत होते, शिव्या देत होते, त्याचं लक्ष नव्हतं. रेघ हळूहळू बारीक होत गेली आणि संपली. ती का संपली ते त्याला कळलं, तरी त्यानं गाडीचा वेग कमी केला नाही.

इटकळच्या अलीकडं जीप रस्त्याच्या कडेला उभी होती. बॉनेट उघडं होतं. शिवराज दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

"खाडकन बंद पडली, आण्णा. कायच कळंना."

पंचाक्षरीनं फोन त्याच्या हातात दिला आणि आत वाकून हार बाजूला सारला. मीटरवरचा ऑईल संपल्याचा लाल दिवा हाराखाली जळत होता. त्यानं चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. इंजिन जाम झालं होतं. तरी तो जीपखाली शिरला, अडकून राहिलेला बोल्ट पान्यानं पिळून पिळून आवळला, कॅनमधलं सगळं ऑईल ओतलं. मेलेल्याच्या तोंडात पाणी घालावं तसं. पुन्हा टक्.

शिवराजनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या आण्णा. इंजिनच जुनं झालंवतं. तुमचा काय दोष? फोन द्यायला एवढं धावत आला, ह्येच लई झालं."

बोल्ट आता घट्ट होता. तो गप्प बसला असता तर कुणालाही कधी काही कळलं नसतं. पंचाक्षरीच्या मनात हे आलं नाही असं नाही. आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"बोल्ट म्या आवळला न्हवता, शिवराज," तो म्हणाला. "हातानं फिरवला आन् तसाच सोडला."

शिवराजनं खांद्यावरचा हात काढून घेतला. कमलबाईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "मग बाबा, माझ्या डोळ्याचं आता कसं?"

पंचाक्षरी रस्त्यावर जाऊन गाड्यांना हात करू लागला.

सोलापूरकडं जाणारा फुलांचा टेंपो थांबला. शिवराजनं आईला केबिनमध्ये बसवलं आणि परत आला. पंचाक्षरीनं हात जोडले. "मला इंजिन खोलून पुन्हा बांधून देऊ दे. रातध्याड बसतो. पाया पडतो तुझ्या."

"तुमी खरं सांगितलं, म्हणून जीप तुमच्या भरवशावर सोडून चाललोय," शिवराज खाली बघत म्हणाला. "पण बांधायला नको. कल्याणप्पाच्या गॅरेजात लावा." कल्याणप्पाचं गॅरेज नळदुर्गात, आण्णाच्या शेडाच्या पुढं, बसस्टँडजवळ होतं. तो जुनेच फिल्टर पुसून बसवतो, हे शिवराजलाही ठाऊक होतं.

टेंपो गेला. मोटारसायकल एका ढाब्यावर ठेवून पंचाक्षरीनं एक ट्रॅक्टरवाला गाठला, जीपला दोरी बांधली आणि स्वतः स्टेअरिंगवर बसला. समोरून हार घातलेल्या, कुंकू लावलेल्या गाड्या येत होत्या. जीप मुकाट ओढली जात होती.

नळदुर्ग आलं. शेडाच्या दारात महादेवी वाट बघत होती. जीप दिसताच तिचा चेहरा उजळला. लगबगीनं तिनं बाकडं ओढून बाजूला केलं, पाण्याचा ड्रम सरकवला, जीपपुरती जागा केली आणि हातानं या, या अशी खूण केली.

ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी करून मागं बघितलं. "हितंच ना आण्णा?"

"न्हाय," पंचाक्षरी म्हणाला. "म्होरं घे."

महादेवीचा हात तसाच वर राहिला. ओढलेल्या गाडीची दोरी ढिली पडू द्यायची नसते, नजर सारखी तिच्यावर ठेवावी लागते, म्हणून त्याला बायकोकडं बघताही आलं नाही.