पट्टा पडल्यावर

आमच्या महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माझ्यावर दीड पान लिहिले गेले आहे. लिहिणारे गृहस्थ माझे जुने सहकारी, राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आजही रोज सकाळी माझ्या ओट्यावर बसून चहा घेतात. त्यांच्या लेखाप्रमाणे, दुष्काळाच्या वर्षी मूल्यमापन समिती आली तेव्हा मी, म्हणजे त्या वेळचा ग्रंथपाल, प्राचार्यांचा हुकूम धुडकावून उभा राहिलो. ऊसतोडीला गेलेल्या मुलांकडची पुस्तके परत मागवण्यास नकार दिला, समितीपुढे बाणेदार भाषण केले, अध्यक्षांचे डोळे पाणावले आणि महाविद्यालयाला उत्तम श्रेणी मिळाली.

यातले एक वाक्यही खरे नाही. मी भांडखोर आहे हे सारा केज तालुका जाणतो; परंतु आजवर मी निंदेशी भांडलो. स्तुतीशी भांडण्याची ही पहिलीच वेळ.

लेख वाचून मी गृहस्थांना जाब विचारला, तेव्हा बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "चांगलं लिहिलंय ना बे तुझं. आता यात बी भांडन?"

होय, यातही. कारण या लेखात मी मोठा झालो आहे आणि एक मुलगी पुसली गेली आहे.

त्या वर्षी आमच्याकडे पाऊस नव्हता. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन ही एकच व्यक्ती. ज्या सहकारातून महाविद्यालय उभे राहिले, त्याचाच बॉयलर त्या हंगामात पेटला नाही आणि सभासदांची मुले दूर कृष्णाकाठी, परक्या कारखान्यांचा ऊस तोडायला गेली. एरवी जी घरे कधी कोयत्यावर गेली नव्हती, तीही ट्रकमध्ये बसली.

त्या मुलांसाठी मी एक नियम मोडला होता, आणि त्याचा अभिमान मला आजही आहे. ग्रंथालयाचे पुस्तक पंधरा दिवसांत परत यावे, असा दंडक होता. ऊसतोडीला जाणाऱ्याला मी हंगामभर पुस्तके देत असे आणि रजिस्टरमध्ये परतीच्या तारखेच्या रकान्यात लिहीत असे, 'पट्टा पडल्यावर'. कारखान्याचे गाळप संपून तोडणी कामगारांना घरी जायची मोकळीक मिळते, त्याला आमच्याकडे पट्टा पडणे म्हणतात. तो दिवस कोणत्या तारखेला उगवेल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून मी तारीख लिहीत नसे.

नांदूरघाटच्या पुढच्या वस्तीवरून बी. ए. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी येत असे. घरी मेंढरे होती, ती चाऱ्याअभावी विकली गेली आणि घर कोयत्यावर निघाले. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने सात पुस्तके नेली. एप्रिलात परत येऊन परीक्षेला बसणे एवढाच तिचा हट्ट होता. घरातून कोणी कॉलेजात गेलेले नव्हते. यंदा नापास झाली तर पुढे शिकवणार नाही, असे चुलत्यांनी बजावले होते. मला हे सारे माहीत होते. हे मुद्दाम नोंदवतो, म्हणजे पुढे मला सवलत मिळू नये.

जानेवारीत समितीचे पत्र आले आणि महाविद्यालय हडबडले. कारखान्याच्या अतिथीगृहातून कुंड्या आल्या. गावाला आठवड्याने येणारा टँकर हिरवळीवर दोनदा रिकामा झाला. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितले, "एकही पुस्तक बाहेर राहता कामा नये. कपाटे भरलेली दिसली पाहिजेत."

मी म्हणालो, "मुलांची परीक्षा आहे, साहेब."

"आपली त्यांच्याआधी आहे," ते म्हणाले.

स्मरणिकेत या ठिकाणी मी टेबलावर मूठ आपटतो. प्रत्यक्षात मी ग्रंथालयात परतलो, ऊसतोडीला गेलेल्या सोळा जणांसाठी पोस्टकार्डे घेतली आणि माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले, 'कार्यालयीन निकडीमुळे आपणाकडील ग्रंथ तत्काळ परत करावेत.' ती कार्डे मी स्वतः पेटीत टाकली. आमचा शिपाई दारात उभा होता. वयाने माझ्याहून मोठा, आणि जिभेने त्याहून. तो म्हणाला, "सर, काल तर म्हणलात, जीव गेला तरी कार्ड टाकनार न्हाई."

"नोकरी आहे, मामा," मी म्हणालो.

"हाय की. मला बी हाय."

सोळांपैकी पंधरा जणांनी कार्डाकडे ढुंकूनही पाहिले नाही. शहाणे होते. समिती येण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, खताची गोणी खांद्यावर घेतलेला एक माणूस ग्रंथालयाच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला. तो त्या मुलीचा बाप होता.

"तुमचं कार्ड आलतं, सर," तो म्हणाला. "पोरगी म्हनली, सरांची कायतरी अडचन आसंल, त्याबिगर मागनार न्हाईत. मोजून घ्या. सात हायेत."

गोणीत लुगड्याच्या धडप्यात बांधलेली सात पुस्तके होती. प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर. इतिहासाच्या जाड ग्रंथात अर्ध्यावर उसाच्या पाचटाची एक सळी खूण म्हणून ठेवलेली होती.

मी विचारले, "एवढ्यासाठी आलात?"

"न्हाई, न्हाई. म्हातारीला बघायला आलतो गावी. म्हनलं, जाता जाता देऊन टाकू."

त्याने पाणीही घेतले नाही. गाडी पकडायची आहे म्हणत निघून गेला. शिपाई खिडकीतून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हातारी तर त्यांच्यासंगंच हाय, सर, तिकडं कोपीवर. गावी कुनीच न्हाई त्यांचं." कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची पाचटाची खोपी.

मी पाचटाची सळी होती त्याच पानात ठेवली आणि पुस्तके कपाटात लावली.

समिती तीन जणांची होती. अध्यक्ष परप्रांतीय, अत्यंत सभ्य. त्यांचे डोळे पूर्णवेळ कोरडे होते. मांजरसुंब्याला थांबून त्यांनी जेवण उरकले होते आणि त्यांना उशीर झाला होता. सदस्यांपैकी एक प्राध्यापिका नागपूरकडच्या होत्या. त्यांनी कपाटातून सहज एक पुस्तक काढले, ते नेमके इतिहासाचे. नाकाजवळ नेले. त्याला धुराचा वास होता. मग त्यांनी रजिस्टर मागितले, पुस्तकाचा क्रमांक शोधला आणि रकान्यावर बोट ठेवून विचारले, "पट्टा पडल्यावर? ही कुठली तारीख?"

मी अर्थ सांगितला. एवढेच माझे भाषण. चार वाक्ये असतील.

शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, "मग पट्टा पडला का?"

"नाही, बाई. अजून दोन महिने तरी आहेत."

"मग पुस्तक इथे कसे?"

प्राचार्य पुढे झाले. "विद्यार्थिनी फार हुशार आहे, मॅडम. वाचून झाले असणार." बाईंनी पाचटाची सळी दोन बोटांत धरून वर केली, ती अर्ध्यावर होती हे सर्वांना दाखवले आणि पुन्हा त्याच पानात ठेवली. त्या माझ्याकडे पाहत होत्या. आयुष्यात ज्या एका प्रसंगी मी भांडायला हवे होते, त्या प्रसंगी मी कपाटाची किल्ली चाचपत उभा होतो.

श्रेणी साधारण मिळाली. अहवालात ग्रंथालयाच्या परतावा-शिस्तीबद्दल एक प्रतिकूल शेरा होता, तो न आलेल्या पंधरा जणांमुळे. त्याच शेऱ्याचे स्मरणिकेत गौरवपत्र झाले आहे.

समिती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, तीच गोणी घेतली आणि मांजरसुंब्याहून गाडी धरली. कोपी सापडायला पुढचा अख्खा दिवस गेला. मुलगी फडात मोळ्या बांधत होती. मला पाहून तिने पदराने तोंड पुसले. तिच्या तळहातांवर पाचटाने कापलेल्या रेषा होत्या. तिने गोणी ओळखली.

"सर, कमेटी पास झाली का?"

"अजून कळायचंय," मी म्हणालो. मला दुसरे काहीतरी म्हणायचे होते. मी गोणी तिच्यापुढे ठेवली.

तिने इतिहासाचे पुस्तक उघडले, सळी जागेवर पाहिली आणि हसली. "बरं झालं, सर. मला वाटलं, पान हरवलं." तिचा बाप मला पाहून खोपीमागे सरकला. जिला बघायला तो गावी आल्याचे म्हणाला होता, ती त्याची म्हातारी आई इथेच खाटेवर बसली होती. तिने मला भाकरी दिली.

आता शेवटची दुरुस्ती. स्मरणिकेत ऊसतोडीची सारी मुले त्या वर्षी 'घवघवीत यश' मिळवतात. ती मुलगी इतिहासात नापास झाली. बाकी विषय निघाले. पास व्हायला जेवढे गुण कमी पडले, तेवढे वाचन पुस्तक हातात नसलेल्या त्या आठवड्यात सहज झाले असते. चुलत्यांना समजावायला मी वस्तीवर गेलो आणि मला झेपेल तितके भांडलो, म्हणजे भरपूर. दोष तिचा नाही, माझा आहे, हे मी त्या अंगणात बारा माणसांसमोर सांगितले. त्यांनी एक संधी दिली.

ती पुन्हा ते पुस्तक न्यायला आली तेव्हा तिने विचारले, "सर, तारीख काय टाकायची?" मी रकान्यात लिहिले, 'पेपर झाल्यावर'. ऑक्टोबरात पेपर देऊन ती थेट ग्रंथालयात आली, पुस्तक ठेवले आणि तिसऱ्या वर्षाची पुस्तके गोणीत भरून घेतली. दुसऱ्या दिवशी ट्रक निघणार होता. पाऊस त्याही वर्षी बेताचाच झाला होता.

नोंदी रजिस्टरमध्ये आहेत. प्राध्यापक महाशयांनी चहा संपवून एकदा जाऊन पाहाव्यात. जे तिथे सापडणार नाही, ते येथे लिहून ठेवतो. निकाल लागला त्या दिवशी मी फलकासमोर उभा राहून तिचा क्रमांक तीनदा वाचला आणि पोस्टात गेलो. त्या हंगामात मी एकच कार्ड टाकले. त्यावर दोन शब्द होते : 'इतिहास सुटला.'