गोजरबाईच्या हातच्या विटा

गोजरबाई गावातल्या एकाही पाटलाच्या उंबऱ्याआत कधी गेली नाही, पण माळवदावर मात्र साऱ्यांच्या चढली. भोकरदनकडचं गाव, घरं मातीच्या छपराची. पावसात गळू नयेत म्हणून दर उन्हाळ्यात वर पांढरी माती घालायची. ती यायची गावाशेजारच्या टेकाडातून. त्याला सगळे पांढर म्हणत. खणायची बौद्धवाड्यानं आणि डोक्यावर वाहायची गोजरबाईनं. भिंतीला बाहेरून शिडी लावायची, वर जाऊन पाटी ओतायची, बाहेरूनच उतरायचं. तिची माती चालायची, ती चालत नव्हती. मेली रीतच तशी!

पांढरीत कधी मणी निघत, कधी शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. एका उन्हाळ्यात विटांची अख्खी भिंत लागली, हातभर लांब विटा. ज्या पाटलाची माती वाहत होते तो मालक म्हणाला, "गोठ्याला बऱ्या हायेत." गोजरबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं पहारीनं एकेक वीट सुटी केली आणि गोठ्यापाशी नेऊन रचली. मालकाचा पोरगा शिवाजी देखरेखीला उभा होता.

पुढे गावात स्लॅब आले. गोठा पडला, त्याच्या विटा फोडून शिवाजीच्या नव्या घराच्या भरावात गेल्या. पांढरीचाही आता कोपराच उरला. तिथं बौद्धवाड्याला विहार बांधायचा होता आणि गावाला दुकानांचे गाळे. भांडण तालुक्याला गेलं.

तेवढ्यात जालन्याहून ज्योत्स्नामॅडम आल्या, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या. त्यांनी मणी पाहिले, शंखाचे तुकडे हातात घेतले.

"हा शंख समुद्राचा," त्या म्हणाल्या. "इथून बैलांचे तांडे बंदराकडं जायचे, तिथून माल जहाजानं पार परदेशी. त्या व्यापाऱ्यांनी वाटेवर भिक्खूंसाठी विहार बांधून दिले. धम्मही त्यांच्याच सोबतीनं दूरदूर गेला. इथंही विहार असेल. पण पुराव्याला जागेवरची एखादी भिंत हवी, निदान वीट तरी."

बौद्धवाडा हरखून गेला. छप्पनला दीक्षा घेतली तेव्हापासून टोमणे खाल्ले होते, "धर्म काय सदरा हाय का, बदलला अन् घातला?" आता गोजरबाईचा नातू भारत छाती काढून फिरायला लागला. "आमचा बुद्ध दोन हजार वर्षांखाली इथंच व्हता!" ज्याला त्याला ऐकवायचा.

गोजरबाई मात्र येता-जाता शिवाजीच्या घराच्या पायाकडं बघायची.

चौकशीला तालुक्याचे साहेब आले. सारं गाव पांढरीवर जमलं. शिवाजी आता म्हातारा झालाय, पण लाज अजून आलेली नाही. तो बिनदिक्कत म्हणाला, "साहेब, इथं विटा कवाच निघाल्या न्हाईत. बिलकुल न्हाई. आमचा जन्म गेला इथं."

गोजरबाई गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण ती काठी टेकत पुढं झाली.

"खोटं हाय साहेब. भिंत व्हती. मीच काढली, मीच वाह्यली. यांच्या घराखाली गाडलीय."

"म्हणजे भिंत तुम्हीच पाडली?"

"व्हय."

"आता जागेवर काय आहे?"

म्हातारीनं टेकाडाकडं बघितलं. "काहीच न्हाई."

शिवाजी हसला. "घ्या! बुद्धाचं घर यांनीच मोडलं, अन् बोट आमच्यावर!" मागची माणसंही हसली. जागेवर काहीच नाही, साहेबांनी तेवढंच लिहून नेलं. जागा गाळ्यांना गेली.

त्या संध्याकाळी भारत घरात पाऊल टाकताच कडाडला. "आजे, तूच पाडला आपला विहार! एखादी तरी वीट घरी आणायची व्हती! तेवढी तरी दावली असती!"

जन्मभर घरच्या कुणाला उलटून न बोललेली बाई, पण आता तिचा तोल गेला. "मला काय ठावं रे ते बुद्धाचं हाय? कुणी सांगितलं व्हतं? अन् वीट म्हणतोस? चुलीला दोन विटा मागितल्त्या. तुझा आजा हात जोडून उभा राह्यल्ता. मालक म्हणला, पांढर गावची हाय, तुमची न्हाई. टाक खाली."

"मंग?"

"मंग काय, टाकल्या."

भारत अंगणातल्या चुलीकडं बघत राहिला. तिला अजूनही नदीचे तीन गोटेच आहेत.