शिंप्याची मुलगी

संग्रामपूर तालुक्यातल्या एका शाळेत मी सतरा वर्षं मराठी शिकवतेय. आठवीच्या माझ्या वर्गात गावातल्या शिंप्याची मुलगी होती. सातवीत असताना खो-खोत ती कुणाच्या हाती लागायची नाही आणि वर्गात तिला गप्प करता करता माझा घसा बसायचा.

आठवीत दिवाळीनंतर ती आपणहून गप्प झाली. मैत्रिणींमधून उठून शेवटच्या बाकावर एकटी बसू लागली. डबा न उघडताच घरी न्यायची. दुसऱ्याच तासाला बाकावर डोकं टेकायची.

हे सगळं मला दिसत होतं. मी तिला तासभर उभं केलं. विचारलं, "रातभर मोबाइल पाहून राह्यली होती का व?"

"नाही मॅडम. झोपच येत नाही."

वर्ग हसला. मीही हसले. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'आळशी. अभ्यासात लक्ष नाही.'

जानेवारीत तालुक्याला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. समुपदेशक बाई मुलांमधल्या नैराश्याची लक्षणं एकेक करून सांगत होत्या. प्रत्येक लक्षणाला मला तीच मुलगी दिसत होती. पुढचं काही मला लिहवेना.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "वयच तसं असते मॅडम. अन् हे कागदावर आणू नका, शाळेचं नाव खराब होईन."

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. मुलगी आजारी आहे, डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं. तिच्या बापानं मशीन थांबवली.

"आता आजारी म्हणता? तुमीच त लिहून देल्लं आळशी हाये म्हणून. म्या तिले मारलं त्याच्यापायी."

"माझं चुकलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानं पुन्हा मशीन सुरू केली. आतून तिची आई आली. "पोरगी रोज रडून राह्यली, मॅडम. कुठी न्या लागते ते सांगा."

आम्ही तिघी बुलडाण्याला गेलो. औषधं सुरू झाली, मग आईच तिला घेऊन जायची. उन्हाळ्यापर्यंत ती जेवू लागली, बोलू लागली. जूनमध्ये मात्र दाखला काढून दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. आईनं खाली बघत सांगितलं, "तिले तुमच्या वर्गात बसाचं नाही."

आता शाळेत पाहुणे आले की मुख्याध्यापक माझ्याकडे बोट दाखवतात. "आमच्या मॅडमनं एक पोरगी वाचोली." पाहुणे कौतुकानं बघतात. मी चहा पिते आणि तो शेरा कुणी लिहिला होता ते सांगत नाही.