उघडी नाणी

कोणतंही जुनं नाणं हातात दिलं की मामू आधी डोळे मिटायचे. अंगठा आणि मधलं बोट यांच्यामध्ये ते हळूहळू फिरवायचे, कडेवरून बोट सरकवायचे, मग मान जराशी कलती करून म्हणायचे, "हां. हे चाललेलं आहे." चाललेलं म्हणजे बाजारातून, माणसांच्या हातांतून खरोखर फिरलेलं. बनावट, ओतीव नाण्याला ते "बसलेलं" म्हणत. भिंग त्यांच्याकडे होतं, पण ते दुसऱ्यांची खात्री पटवण्यापुरतं. त्यांची स्वतःची खात्री बोटांतच व्हायची.

भिवंडीत मंडईच्या मागे माझा फोटो स्टुडिओ होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका दुपारी पांढऱ्या टोपीतला, लांब बोटांचा हा गृहस्थ आत आला आणि कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर रुमाल पसरून त्यावर एक तांब्याचं नाणं ठेवून म्हणाला, "ह्या साहेबांचा फोटो काढायचाय. एक समोरून, एक पाठीमागून." मला हसू आलं. ते हसले नाहीत. नाण्यावर उजेड कसा पाडायचा, अक्षरं कशी उठवायची हे मला कुठे ठाऊक होतं? तासभर आम्ही दोघं त्या नाण्याभोवती दिवे हलवत बसलो. निघताना म्हणाले, "सगळे मामू म्हणतात मला. तूही म्हण." त्या दिवसापासून त्यांचं प्रत्येक नवं नाणं घरी जाण्याआधी माझ्या स्टुलावर बसून गेलं.

मामूंचं घराणं इथलं जुनं कोकणी मुसलमानांचं. वडिलांनी ठेवलेले थोडे लूम होते, त्यावर घर चालायचं. शेडमध्ये इतका खडखडाट असायचा की कामगार एकमेकांशी खुणांनीच बोलत. मामू कापडाचा काठ चिमटीत धरून धागा कुठे कच्चा गेलाय ते सांगायचे. "लूम माणसाचे कान खातो. बोटं मात्र शहाणी करून सोडतो," असं म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि मामी. मामींना नाण्यांतलं काही कळत नसे आणि कळून घ्यायचीही इच्छा नसे. पण त्यासाठी त्यांनी आपल्या लग्नातला पितळी डबा कधीच रिकामा करून दिला होता. त्यात कागदाच्या पुड्यांत सगळा संग्रह राहायचा. गुजरातच्या सुलतानांचे जाड पैसे, मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराया, सुरतेच्या टांकसाळीतले रुपये, वसईकडची पोर्तुगीजांची शिशाची नाणी.

नाण्यासाठी ते कुठेही जात. एकदा मला दिघाशीकडच्या एका पाड्यावर घेऊन गेले. तिथे एका म्हातारीच्या गळ्यातल्या माळेत चांदीचं जुनं नाणं आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नाणं खरंच सुंदर होतं, फक्त ओवण्यासाठी वर कडी डागलेली. मामूंनी बदल्यात चांदीची नवी साखळी देऊ केली. म्हातारी नाणं मुठीत धरून म्हणाली, "ह्या माझे आयशीचा हाय. न्हाय देयाचा." मामूंनी पुन्हा विचारलं नाही. फक्त म्हणाले, "मग एकदा हातात घेऊ देशील?" तिने माळ गळ्यातून न काढताच पुढे वाकून नाणं त्यांच्या बोटांत दिलं. मामूंनी डोळे मिटले. परत येताना पडघ्याच्या नाक्यावर चहा पिताना मी म्हटलं, फुकट फेरी झाली. ते म्हणाले, "फुकट कशी? भेट झाली की."

नव्वदनंतर मुंबईत फोर्टमधल्या एका व्यापाऱ्याने त्यांना प्रथम ते दाखवलं. नखाएवढ्या जाडीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद केलेलं नाणं. वर परदेशातल्या तज्ज्ञांचा शिक्का, अस्सल असल्याची ग्वाही आणि दर्जाचा आकडा. मीही बरोबर होतो. मामूंनी सवयीने डोळे मिटले आणि डबी बोटांत फिरवली. मग डोळे उघडून ती काउंटरवर ठेवली.

"कफन घातलंय ह्याला," ते म्हणाले.

व्यापारी भला माणूस होता. तो समजावू लागला, "मामू, जमाना बदलला. उघड्या नाण्यावर यापुढे कोणी विश्वास ठेवणार नाही. हाताचा घाम लागतो, नाणं झिजतं. डबीतलं शंभर वर्षं तसंच राहील. आणि खरं की खोटं हा वादच नाही."

"वाद नाही, खरं आहे," मामू म्हणाले. "पण मग माझं काम काय? आकडा वाचायचा?"

व्यापाऱ्याचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं असं नाही. पुढे कित्येक महिने ते माझ्याशी दोन्ही बाजूंनी भांडले. कधी म्हणत, निदान चांगली तेवढी डबीबंद करावीत, माझ्यामागे भंगारात जायची नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणत, "छे! रात्रभर विचार केला. जे नाणं हातात घेता येत नाही ते माझं कसं?" शेवटी त्यांनी उघडीच ठेवायचं ठरवलं आणि तो विषय संपला, असं मला वाटलं.

साखरेचा आजार त्यांना होताच. एकदा स्टुडिओत मी त्यांच्या हातात चहाचा ग्लास दिला. मला तो रुमालात धरावा लागला होता, इतका गरम. मामू तो उघड्या बोटांत धरून निवांत बोलत राहिले. नंतर बघितलं तर बोटांची टोकं लाल झाली होती. "तुम्हाला चटका बसला नाही?" मी विचारलं. त्यांनी हात मागे घेतला आणि टोपी नीट करत भलताच विषय काढला.

त्या वर्षी वज्रेश्वरीच्या जत्रेतून ते सुरतेचा एक रुपया घेऊन आले. किती खुशीत होते! "बघ, हे चाललेलं आहे," असं दारातूनच म्हणाले. मी दिवे लावले, नाणं कडेवर उभं केलं, आणि कडेभोवती सांध्याची बारीक रेघ स्पष्ट दिसली. साच्यातून काढलेल्या खेळण्याला असते तशी. मी दिवा आणखी जवळ ओढला तेव्हा तेच म्हणाले, "काय झालं?" सांगावंच लागलं. त्यांनी नाणं घेतलं, डोळे मिटले. कडेवरून बोट फिरवलं, मग दुसरं, मग डाव्या हाताचं. बराच वेळ फिरवत होते.

"मला लागत नाही रे," ते म्हणाले. "कधीपासून लागत नाही, तेही कळलं नाही."

मोतीबिंदूने नजरही अधू झाली होती. त्यानंतर त्यांनी एकही नाणं घेतलं नाही. एके दिवशी येऊन म्हणाले, "वसंता, डबीबंद करूया सगळी. मी गेल्यावर ह्यांना कोण ओळखणार, म्हणून घाबरत होतो. आता मी असून तरी कोण ओळखतोय?" गावातल्या एका वाचनालयाशी ते बोलूनही आले होते. वाचनालयवाले काचेचं कपाट करून द्यायला तयार होते. फक्त नाणी अस्सल असल्याचा दाखला हवा आणि ती बंद हवीत, म्हणजे अदलाबदलीचा संशय नको. फोर्टचा व्यापारी ती परदेशी पाठवायची व्यवस्था करणार होता. मामूंनी आणि मी मिळून सगळी नाणी काढली, नव्या पुड्या बांधल्या आणि डबा त्यांच्या घरी ठेवला. फोर्टला जाणं दोन दिवसांनी होतं.

दुकानात व्यापाऱ्याने पहिली पुडी सोडली. मग दुसरी. मग तो थांबला आणि आमच्याकडे बघू लागला.

"मामू, हे काय केलंत?"

मामूंनी माझ्याकडे तोंड वळवलं. "काय झालं? तू सांग. काय दिसतंय?"

"चकाकतायत, मामू," मी म्हटलं. "सगळी."

तांब्याची नाणी नव्या कळशीसारखी लाल झाली होती. चांदीच्या रुपयांवर बारीक चरे होते आणि अक्षरांच्या खाचांत पांढरी पूड अडकली होती. शेकडो वर्षांनी चढवलेला तो काळसर, तपकिरी, हिरवट रंग कुठेच उरला नव्हता. मामूंनी एक पैसा उचलला. डोळे मिटले नाहीत. नाकाजवळ नेला.

"चिंच," ते म्हणाले. "घरातली भांडी ती अशीच घासते."

व्यापारी हलक्या आवाजात म्हणाला, "पाठवून उपयोग नाही. घासलेली म्हणून दर्जा न देता परत येतील. वाईट वाटतंय मला." मामूंनी त्याचे आभार मानले आणि पुड्या आपल्या हातांनी बांधू लागले. गाठ बसत नव्हती. मी बांधून दिल्या.

घरी मामी दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. चेहरा उजळला होता. "तुम्हाला सांगितलं नाही मुद्दाम. तुम्ही डॉक्टरकडे गेलात तेव्हा चिंच आणि पावडर घेऊन घासायला बसले. परदेशात जायची, मोठे लोक बघणार. अशी काळी कशी पाठवायची? हात दुखून आले, पण लखलखीत केली की नाही?"

मामू चपला काढत होते. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. त्यांनी मान वर केली.

"पास झाली," ते म्हणाले. "सगळी. साहेब म्हणाला, इतकी स्वच्छ नाणी बघितली नाहीत. तिथेच ठेवून घेतली."

डबा माझ्या पिशवीत होता. तो मी तसाच माझ्या घरी नेला. दुसऱ्या दिवशी मामू वाचनालयात जाऊन नाणी देता येणार नाहीत असं सांगून आले. कारण सांगितलं नाही. डबा परत न्या, असं मी म्हटलं तर म्हणाले, "कुठे ठेवू? तिला दिसेल." मी त्यांना नाण्यांचे जुने फोटो दाखवू लागलो. त्यांनी ते डोळ्यांच्या अगदी जवळ नेले, पुन्हा दूर धरले आणि मला परत दिले. "राहू दे," म्हणाले.

त्यानंतर ते स्टुडिओत येऊन नुसते बसायचे. मंडईतला गोंगाट ऐकत. हात मांडीवर उपडे ठेवलेले. माझ्याशी फारसं बोलायचे नाहीत, पण घरी मामींना वाचनालयातल्या कपाटाच्या गोष्टी सांगायचे. शाळेची मुलं येतात, बाहेरगावचे प्रोफेसर येतात, तिथे दिवा कसा लावलाय. मामी त्या गोष्टी मला मोठ्या कौतुकाने सांगत. ऐकताना मला मामूंचाच आवाज ऐकू येई. एका उन्हाळ्यात पायाची जखम चिघळली आणि हॉस्पिटलमध्येच ते वारले. शेवटच्या भेटीत त्यांनी माझा हात धरला होता. धरलाय हे त्यांना कळत होतं की नाही, सांगता येत नाही.

लूम विकले गेले. मामींना म्हसळ्याहून त्यांचा भाऊ न्यायला आला. मी एसटी स्टँडवर निरोपाला गेलो. जायच्या आधी एकदा कपाट बघायचं होतं, पण गुडघ्यांनी वाचनालयाचा जिना चढवत नव्हता, याची त्या हळहळ करत होत्या. बस लागली. भावाने सामान चढवलं. खिडकीत बसल्यावर मामींनी मला जवळ बोलावलं.

"वसंतभाऊ, एक काम कराल? वाचनालयात कुणाला तरी सांगून ठेवा. वर्षातून एकदा ती नाणी चिंचेने घासायला हवीत. इथे होते तोवर मी मेली गेलेच नाही. काळी पडली असतील. त्यांना चालायचं नाही."

"सांगतो, मामी," मी म्हटलं.

"विसरू नका."

"नाही विसरणार."

बस सुटली. त्या बराच वेळ हात हलवत होत्या.